दोन स्क्रूंचं काम

फोन वखारीत आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला सागवान आणि ऐन यांतला फरक समजावून सांगत होतो. पलीकडून मेहुणा बोलत होता, जळगावहून. "जिजाजी, मुरलीधरराव गेले," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. सकाळी वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसून चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मान टाकली... हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण खोटंच लिहायचं तर लिहायचं कशाला. मनात आलं, घ्या, इथंही हाच पुढं. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण रांग मोडून पुढं घुसायची सवय शेवटपर्यंत गेली नाही. मग मी गिऱ्हाइकाला ऐनाची फळी सागवानाची म्हणून दाखवली. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, तुम्ही बसा आधी," आणि मी समोरच्या ओंडक्यावर बसलो.

मुरलीधर माझा साडू. माझी बायको सुमन थोरली, त्याची निर्मला धाकटी, दोघींचं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं. भावाभावांत वाटणी होते, साडवा-साडवांत तुलना होते. ज्यांना साडू आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तोंडावर आम्ही एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणायचो, अहो-जाहो करायचो. मनात मात्र तो मला कायम 'तो'च होता, आणि इथंही मी तसंच लिहिणार आहे. धुळ्याहून एस.टी.नं निघालो. सुमन खिडकीशी बसून पदर तोंडाशी धरून रडत होती आणि मी पारोळा गेलं, एरंडोल गेलं, असं मनाशी म्हणत होतो. जळगावात मेहरूणमधल्या त्याच्या घरासमोरच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर्कशॉपची पोरं, पाइपच्या कारखान्यांतले लोक, रायफल क्लबचे झाडून सगळे. कोपऱ्यावरचा चहावाला टपरीवर फळी टाकून आलेला. माझ्या वेळी एवढी माणसं येतील का, हा विचार मी तिथं उभ्या उभ्या केला. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून पुढं जाऊन खांदा दिला.

त्याच्याआधी सहा वर्षं असोद्याला जावई म्हणून मी एकटाच होतो. ते दिवस काय वर्णावेत! आमचे सासरे, आबा, वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. उभी हयात काडतुसं तपासण्यात गेली, त्यामुळं जगातली कुठलीही वस्तू ते दोन बोटांत धरून, उजेडाकडं करून, 'पास' किंवा 'नापास' ठरवत. आंबा असो, बैल असो की जावई. निवृत्तीनंतर असोद्याला केळीची बाग सांभाळत आणि दर रविवारी मेहरूणच्या तलावापलीकडं आमच्या क्लबच्या रेंजवर जाऊन पोरांना नेमबाजी शिकवत. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला म्हणाले, "चला जावईबापू, तुमचा हात पाहू." मी लाकडं मोजणारा माणूस, रायफल त्याआधी फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली. चटईवर पालथा पडलो, त्यांनी सांगितलं तसा श्वास धरला आणि गोळ्या झाडल्या. ते मागं उभे होते. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाईंना म्हणाले, "हात थंडा हाये जावयाचा." त्या एका वाक्यावर मी कैक वर्षं काढली. धुळ्यात क्लब नव्हता असं नाही, पण मी रविवारी पहाटेची गाडी धरून जळगावला जायचो. नेमबाजीची आवड वगैरे नंतरची गोष्ट; मला आबांनी मागं उभं राहायला हवं होतं.

आणि मग कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात तसा मुरलीधर आला. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं मोल्ड बनवायचं वर्कशॉप होतं, पाइपांच्या कारखान्यांना लागतात ते. मोटारसायकलवरून यायचा, फाटकातूनच मोठ्यानं हाका मारायचा, सासूबाईंच्या चुलीपाशी जाऊन गरम पोळी तव्यावरून उचलायचा. मी सहा वर्षांत त्या चुलीपाशी गेलो नव्हतो. आबांनी त्यालाही रेंजवर नेलं. त्यानं पालथं पडून इकडं-तिकडं पाहत, हसत-बोलत गोळ्या झाडल्या आणि कागद आणला तर मधल्या काळ्या गोलाच्या आत सगळी भोकं. आबांनी कागद उजेडाकडं धरला. "याचा हात बी थंडा हाये," ते म्हणाले, "अन् डोया बी." म्हणजे मला नुसता हात आणि त्याला हात आणि डोळा दोन्ही. त्या दुपारी मी आमरस घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर आबांनीच ती पद्धत पाडली. आखाजीच्या दिवशी सकाळी दोन्ही जावयांनी रेंजवर गोळ्या झाडायच्या आणि जो जिंकेल त्याचा पाट दुपारच्या पंगतीत आबांच्या उजव्या हाताला. खापरावरची पुरणपोळी पहिली त्याच्या ताटात. थोरला म्हणून तो पाट रीतीनं माझा होता, आणि तो मला आता दरवर्षी जिंकून घ्यायला लागणार होता. बाहेरच्याला हसू येईल. शहाणीसुरती, पोराबाळांची माणसं एका पाटासाठी वर्षभर सराव करतात! पण बायका अंगणात झोक्यावर गाणी म्हणताहेत, ओसरीवर पत्त्यांचा डाव पडलाय, आणि सगळं घर डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतंय की आज उजवीकडं कोण बसतंय... त्या पाटावर एकदा बसून पाहा, मग बोला.

पुढं यथावकाश आम्ही दोघांनी परवाने काढले आणि रायफली घेतल्या. पॉइंट टू टूच्या, एकाच जर्मन कारखान्याच्या, जुळ्या बहिणी जशा. माझ्या रायफलीचा मूळचा लाकडी दस्ता तडकलेला होता, तो मी टाकून दिला आणि आमच्या वखारीतून शिसव काढलं. नवापूरकडचं, आडव्या रेषांचं, वर्षानुवर्षं सावलीत वाळलेलं. सुताराकडून ढोबळ आकार करून घेतला आणि पुढचं सगळं मी स्वतः केलं. गाल टेकतो तिथं रोज थोडं घासायचं, पालथं पडून पाहायचं, पुन्हा घासायचं. जवसाचं तेल पाजून पाजून त्याला असा रंग आला की क्लबातली पोरं हात लावायला यायची. मुरलीधरनंही हात लावला. "वा साडूभाऊ, काय लाकूड आहे," म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. त्याचं हेच मला झेपायचं नाही. त्याला माझा हेवा वाटायला हवा होता, आणि तो खुशाल कौतुक करून मोकळा व्हायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तो कुठल्याशा मोठ्या शहरात राष्ट्रीय स्पर्धा पाहायला गेला आणि येताना डोक्यात भूत घेऊन आला. तिथं कुणा नेमबाजाकडं ॲल्युमिनियमच्या दस्त्याची रायफल त्यानं पाहिली होती. दस्ता तरी कसला, नुसता सांगाडा. त्यात नळी बसवायची, खाली दोन स्क्रू, झालं. "लाकडाचे दिवस भरले, साडूभाऊ," तो मला म्हणाला. कुणाला म्हणाला? ज्याच्या तीन पिढ्या लाकडावर जेवल्या त्याला. त्या सांगाड्याला तो 'चॅसी' म्हणायचा. आबा म्हणाले, चॅसी ट्रकले असते. सासूबाईंना काही उलगडेना. आपल्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मल म्हणतात, तर त्यांनी विचारलं, "म्हंजे जर्मलची बंदूक? मंग भात बी शिजल का तिच्यात?" सगळं घर हसलं. सगळ्यांत जास्त मी हसलो आणि सगळ्यांत शेवटी थांबलो.

पण तो पेटला होता. कुणाकडून तरी एक परदेशी कॅटलॉग मिळवला आणि मी रविवारी गेलो की वर्कशॉपच्या टेबलावर तो पसरून बसायचा. हा घ्यावा का तो, तयार मागवावा का इथंच करावा, ओतीव बरा की अखंड ठोकळ्यातून कापलेला, जड ठेवावा की हलका. "तुम्ही सांगा," म्हणायचा. मी म्हणायचो, लाकडाचा घ्या. तो हसायचा आणि पुन्हा विचारायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. लाकूड हवेप्रमाणं बदलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, मग नळीवरचा दाब बदलतो आणि वैशाखात लावलेला नेम श्रावणात भलतीकडं जातो. धातूला ऋतू नाहीत. शिवाय त्यात गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याची पाटी पुढं-मागं होते, प्रत्येकाला स्क्रू, षटकोनी टोकाची ती एलन की घेतली की हवं तसं. "रायफल माणसाच्या मापाची करायची, साडूभाऊ. माणसानं का म्हणून रायफलीच्या मापाचं व्हायचं?" मी म्हणालो, "लाकडाशी संसार करावा लागतो. थोडं आपण वाकायचं, थोडं ते झिजतं." त्यावर तो निर्मलाकडं पाहून म्हणाला, "ऐकलंस? वाकायला शीक." आणि ती त्याला म्हणाली, "आधी तुम्ही झिजा." त्यांच्या घरात असं चालायचं. आमच्या घरात असं बोलणं झालं असतं तर दोन दिवस अबोला.

पहिली चॅसी त्यानं ओतून घेतली. दिसायला बरी होती, पण आत हवेचे बुडबुडे राहिलेले. स्क्रू आवळताना टक्‌ करून तडा गेला. मी खूश झालो. दुसरी चौकोनी पोकळ नळीची केली. ती इतकी हलकी की रायफलीचं नाक सारखं खाली झुकायचं, आणि गोळी सुटली की ताटलीवर चमचा पडावा तशी वाजायची. मी आणखी खूश झालो आणि येताना पोरांसाठी पेढे घेतले. सुमनला कारण सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी त्यानं मुंबईहून कडक जातीच्या ॲल्युमिनियमचा अखंड ठोकळा मागवला. पाइपवाल्यांच्या ऑर्डरी बाजूला ठेवून मिलिंग मशीनवर तो महिनाभर ती कापत बसला होता. ती झाली तेव्हा मी पाहिली. काळा रंग चढवलेली, कुठं एक कंगोरा जास्त नाही. हातात घेतली आणि मला कळलं की ही गोष्ट बरोबर झालेली आहे. लाकडाच्या माणसाला आकार कळतो हो, धातू का असेना. मी म्हटलं, "ठीक आहे." आणि त्या आठवड्यात माझ्या शिसवाच्या दस्त्याला मी दोनदा तेल पाजलं.

त्या वर्षीची आखाजी मला अजून जशीच्या तशी आठवते. जळगावचा वैशाख, सकाळी नऊलाच तलावाकडून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा. तो आधी जाऊन रायफल मांडून क्लबच्या लोकांना चॅसी दाखवत बसला होता, आणि रायफल होती उन्हात. मग पालथा पडला, गाल टेकवला आणि अशी काही उडी मारून उठला की आबासुद्धा हसले. गालावर लालभडक पट्टा उठला. काय सांगू, माझ्या जिवाला इतका गारवा त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कशानंच मिळाला नव्हता. मी माझं शिसव गालाशी घेतलं. लाकूड उन्हात तापलं तरी चटका देत नाही. मी म्हटलंही, "भात शिजायला ठेवू का, साडूभाऊ?" आबांनी तासभराची सुट्टी दिली. त्या तासाभरात सुमननं काय करावं? बायका रेंजच्या छपराखाली डबे घेऊन बसल्या होत्या. तिनं पिशवीतून जुन्या साडीचा तुकडा काढला, डब्याभोवती गुंडाळून आणलेला, चार पदरी घडी केली, निर्मलाकडून सुईदोरा घेतला आणि गोधडीला घालतात तसे धावदोऱ्याचे टाके घालत त्या गालपट्टीला खोळ शिवली. बारीक, एकसारखे टाके. नाडी लावून घट्ट बांधून दिली. निळी साडी होती ती. धुळ्याच्या आग्रा रोडवरून मी आणलेली, पहिल्या दिवाळीला.

तो जिंकला. दुपारी उजवीकडच्या पाटावर बसला आणि पहिली पुरणपोळी त्याच्या ताटात पडली. परतीच्या एस.टी.त मी सुमनला म्हटलं, "माझ्या रायफलीला कधी काही शिवलं नाहीस." ती म्हणाली, "तुमच्या लाकडाला काय चटका बसतो?" मी खिडकीची काच खाली ओढली. जरा वेळानं ती म्हणाली, "आणि तुम्ही कधी मागितलं?" मी म्हटलं, त्यानं तरी कुठं मागितलं होतं? "त्याचा गाल भाजला होता हो," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. यात कुणी भलतं काही वाचू नये. सुमनसारखी सरळ बाई नाही आणि मुरलीधरसारखा सरळ माणूस नाही, हेच तर माझं दुखणं होतं. संशय घेता आला असता तर सोपं गेलं असतं. त्याला सगळं न मागता मिळायचं, आणि मला मागायचं कसं ते येत नव्हतं.

मग पावसाळ्यात राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड होती. पालथं पडून मारायच्या प्रकारात एकच जागा. मी त्या काळी वखारीचा पत्ता जळगावचा दाखवून त्याच क्लबचा सभासद होतो, त्यामुळं त्याची नि माझी गाठ पडणं ठरलेलं. आठवडाभर झड लागलेली, चादरीसुद्धा ओल्या लागत होत्या. त्याच्या गोळ्या पहिल्या पाळीत झाल्या, माझ्या दुसऱ्या. सरावाच्या पहिल्या गोळीलाच मला कळलं, लाकूड फुगलंय. नेम मध्यावर धरावा आणि भोक उजवीकडं वर. नेम धरायची नळीवरची साइट फिरवावी तर पुढच्या दोन बऱ्या आणि तिसरी पुन्हा तिथंच. माझ्या कपाळाला घाम आला. तेवढ्यात मुरलीधर शेजारी येऊन उकिडवा बसला. "साडूभाऊ, माझं झालंय," हळूच म्हणाला, "माझी चॅसी घ्या. तुमची नळी हिच्यात बसते, जुळ्याच आहेत. दोन स्क्रूंचं काम आहे. वेळ आहे अजून, मी पंचांना विचारलंय." मागं आबा छत्री घेऊन उभे होते. मी चटईवर पडल्या पडल्या त्याच्याकडं पाहिलं. त्याला हरवता येईल अशी गोष्ट तो स्वतःच माझ्या हातात देत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर साधी काळजीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "जर्मलच्या भांड्यात मी बंदूक ठेवत नसतो." तो "बरं," म्हणाला आणि उठून गेला.

मी हरलो, थोडक्यानं. असोद्याला परतल्यावर सुमन म्हणाली, "नाचता येईना..." आणि पुढचं तिनं गिळलं, पण म्हण सगळ्यांना पाठ असते. आबांनी मला त्या संध्याकाळी केळीच्या बागेत नेलं. तुंबलेलं पावसाचं पाणी बाहेर वळवत होते. म्हणाले, "तो आपली वस्तू देऊ ऱ्हायला व्हता. घेतली असती तं काय झालं असतं?" मी म्हटलं, आबा, मला माझ्या रायफलीनं जिंकायचं होतं. त्यांनी फावड्यानं एक चर मोकळा केला. मग म्हणाले, "तुमी बंदुकीले जपता, जावईबापू. तो तिले राबवतो." एवढंच. पास की नापास ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, आणि पुढं आबाच गेले, त्यामुळं ते तसंच लोंबकळत राहिलं.

त्यानंतर आखाजीच्या सकाळी आम्ही रेंजवर जात राहिलो. कधी तो जिंके, कधी मी. आबांच्या जागी मेहुणा बसायचा. त्याच्या उजवीकडं बसण्यात काय मजा? तरी एकदाही आम्ही थांबलो नाही. दर पावसाळ्यात माझं लाकूड फुगायचं आणि दर पावसाळ्यात तो म्हणायचा, "दोन स्क्रूंचं काम आहे, साडूभाऊ." तुमच्या मापाची दुसरी करून देऊ का, असंही एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, लाकूड जळायला पण उपयोगी पडतं, तुमच्या चॅसीचं काय करणार? तो म्हणाला, "माझ्यामागं तुम्ही वापरा." हसत म्हणाला होता. असली बोलणी माणूस विसरून जातो... जायला हवीत.

तेराव्यानंतर रायफलीचा प्रश्न आला. परवाना त्याच्या नावाचा, माणूस गेला की हत्यार जमा करावं लागतं. निर्मलेनं मला सांगितलं, "जिजाजी, तुम्हीच बघा काय ते. मला त्यातलं कळत नाही." मी, मेहुणा आणि निर्मला असे तिघं रायफल घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं सगळं उलटंपालटं करून पाहिलं, कागदाशी आकडे जुळवले आणि म्हणाला, "नळी आणि बोल्ट ठेवून घेतो. हा सांगाडा हत्यारात येत नाही. याला नंबर नाही. घेऊन जा परत." मी खिशातून एलन की काढली. त्याच्या टेबलावर, त्याच्यासमोर, ते दोन स्क्रू मी सोडवले. इतकी वर्षं तो म्हणत होता ते खरं होतं. खरोखर दोन स्क्रूंचंच काम. नळी सुटून हातात आली. हवालदारानं रिकामी चॅसी उचलून वजन पाहिलं. "नुसतं जर्मल आहे," म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की मेहुण्यानं माझा दंड धरला. ते वाक्य बोलायचा हक्क माझा होता, त्याचा नव्हता.

घरी आल्यावर निर्मलेनं ती माझ्या हातात दिली. "तुम्ही न्या. ते म्हणायचे, साडूभाऊ एक दिवस घेतील." मी नको म्हणायला तोंड उघडलं. पण ती मला पहिल्या दिवसापासून हवी होती; कॅटलॉग पसरला होता तेव्हापासून, पहिलीला तडा गेला तेव्हा आणि दुसरीवर मी पेढे घेतले तेव्हासुद्धा. सुमन शेजारी उभी होती. तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. एस.टी.त ती चॅसी आमच्या दोघांच्या मध्ये मांडीवर आडवी होती, निळ्या खोळीसकट.

धुळ्याला आल्यावर दोन दिवसांनी मी माझ्या रायफलीची नळी शिसवातून काढली आणि त्याच्या चॅसीत बसवली. चपखल बसली, जुळ्याच त्या. माजघरात चटई टाकून पालथा पडलो, गाल टेकवला, आणि काहीच जागेवर येईना. त्याचे हात लांब. खांद्याची पाटी इतकी मागं की माझा खांदा तिथं पोचायला ओढून धरावा लागतो. त्याचा चेहरा उभट, गालाची पट्टी खाली. माझा डोळा साइटच्या खाली राहतो. मी पट्टीला हात लावला. खोळीचा निळा रंग मधोमध उडालेला, घामानं कडक झालेला, बरोबर एका गालाएवढा. त्याच्या उंचीचा, त्याच्या हातांचा, त्याच्या मानेचा सगळा हिशेब त्या चार-पाच स्क्रूंत आवळून ठेवलेला होता. आता जगात तो माणूस एवढ्याच मापात उरला होता. एलन की शेजारी होती. एक पीळ दिला की पट्टी माझी झाली असती.

सुमन दारात येऊन उभी राहिली होती, किती वेळ ते कळलं नाही. "फिरवा ना," ती म्हणाली, "त्यासाठीच तर ते स्क्रू आहेत." मी म्हटलं, हो, फिरवतो. ती आत आली, खाली बसली आणि खोळीवरून बोट फिरवलं. "ही विरलीय. नवी शिवून देऊ का? तुमच्या मापाची?" इतक्या वर्षांत मला जे ऐकायचं होतं ते ती बोलली, न मागता. माझी मान अजून ताणलेलीच होती, म्हणून मला तिच्याकडं पाहावं लागलं नाही. मी म्हणालो, "नको. राहू दे."

गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी आयुष्यात एकाच माणसाचा इतका हेवा केला, माझ्या परीनं याहून चांगलं काय बोलू? अजूनही तो चालूच आहे. रविवारी मी धुळ्याच्या रेंजवर ती चॅसी घेऊन जातो. पोरं म्हणतात, काका, पट्टी वर घ्या, पाटी आत घ्या, तुम्हाला किती त्रास होतोय. मी त्यांना म्हणतो, करू सावकाश. मग पालथा पडतो, खांदा ओढतो, मान ताणतो, आणि त्याच्या मापाचं व्हायला बघतो. सगळ्या गोळ्या खाली जातात. माझं शिसव घरी खुंटीवर आहे, आणि एलन की वखारीच्या गल्ल्यात.